सकाळी बीप, दुपारी चालू: जुन्या डेस्कटॉपचं पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. बटण दाबलं, पंखा फिरला, लाइट लागला, पण डिस्प्ले नाही. कॅबिनेटमधून एक लांब बीप, थोडं थांबून परत तीच. मग कोणीतरी कॅबिनेट उघडतं, रॅम काढून खोडरबराने घासतं, परत बसवतं आणि पीसी सुरू होतो. काही आठवडे बरे जातात आणि एखाद्या सोमवारी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पावसाळ्यात हे जास्त, आणि कोकणात, खाडीकाठच्या गावांत तर फारच.

रबर मारून पीसी सुरू झाला यावरून एवढंच कळतं की बिघाड रॅम आणि ती जिथे बसते तो स्लॉट यांच्या सांध्याच्या आसपास कुठेतरी आहे. रॅमची पट्टी खराब आहे, स्लॉट सैल आहे, मदरबोर्ड वाकलाय की वीजपुरवठाच अशक्त आहे, हे त्यातून ठरत नाही. आणि ते ठरवल्याशिवाय दुखणं उलटणारच.

इथे मी मुख्यतः जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग जोडणारी, बोर्डवरची मुख्य चिप), कोअर २ ड्युओच्या काळातला असेंबल केलेला पीसी डोळ्यांसमोर ठेवतो, आणि त्यानंतरच्या काळातला एच६१. सोसायटीच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात, छोट्या हिशेबनिसाच्या टेबलाखाली हे पीसी अजून चालू आहेत. काही ठिकाणी तर केवळ डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची जुनी जाड केबल मागे लागते म्हणून ते जपलेले असतात.

आधी आवाज कुठून येतोय ते बघा

हे हास्यास्पद वाटेल, पण कॅबिनेट उघडण्याआधी टेबलाखाली कान लावा. यूपीएस बॅटरीवर गेला किंवा त्याच्यावर भार जास्त झाला की तोही बीप करतो, आणि तो बहुधा कॅबिनेटला चिकटूनच ठेवलेला असतो. पीसीचा प्लग काढल्यावरही आवाज चालू राहिला तर दुखणं यूपीएसचं आहे.

दुसरी फसवणूक कीबोर्डची. एखादं बटण दाबलेलं राहिलं असेल, वहीचा कोपरा टेकला असेल किंवा चहा सांडून बटण चिकटलं असेल, तर पीसी सुरू होताना छोट्या छोट्या बीप्सची माळ लागते. कीबोर्ड काढून पीसी परत सुरू करा. एका मिनिटाचं काम आहे, ते आधी उरका.

बीप येते ही चांगली बातमी

बटण दाबल्यावर प्रोसेसर सर्वात आधी मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपमधला प्रोग्रॅम वाचतो. तो प्रोग्रॅम एकेक भाग तपासत जातो: आधी रॅम, मग डिस्प्ले, मग कीबोर्ड आणि डिस्क. स्क्रीनवर अक्षर उमटायला रॅम आणि डिस्प्ले दोन्ही जागे असावे लागतात. त्याच्या आत काही अडलं, तर बायोसकडे बोलायला फक्त तो छोटा स्पीकर उरतो. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत चालत आली आहे.

म्हणजे बीप वाजली याचा अर्थ एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) वीज देतोय, प्रोसेसर चालतोय, बायोस शाबूत आहे आणि बोर्ड निदान तिथपर्यंत पोचलाय. पंखा फिरतोय पण आवाज अजिबात नाही, असा पीसी मला जास्त भीतीदायक वाटतो.

अर्थात त्यासाठी स्पीकर असायला हवा. नव्या कॅबिनेटमध्ये तो बरेचदा नसतोच, आणि जुन्यात त्याची वायर कोणीतरी साफसफाईत काढून ठेवलेली असते. बोर्डच्या कडेला पॉवरच्या बटणाची वायर जिथे बसते, तिथेच जवळ स्पीकरच्या चार पिना असतात. त्यावर बसणारा चिमुकला बझर कुठल्याही कॉम्प्युटर पार्ट्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. निदान सुरू करण्याआधी तो विकत घ्या.

बीप मोजणं

कानावर विश्वास ठेवू नका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि शांतपणे ऐका: लांब किती, छोट्या किती, मध्ये थांबा कुठे, आणि तोच नमुना परत येतो का. फोनवरून विचारलं की बहुतेक जण "टूंटूं वाजतंय" एवढंच सांगतात, आणि त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

आता बायोस कोणत्या कंपनीचं ते शोधा, कारण प्रत्येकीचे संकेत वेगळे. जी३१, जी४१च्या काळातल्या अनेक बोर्डांवर अवॉर्ड असे, नंतरच्या बोर्डांवर एएमआय जास्त दिसतं. पीसी चालू होतो त्या दिवशी पहिल्या स्क्रीनवर नाव येतं, ते लिहून ठेवा. फीनिक्स हे तिसरं नाव. त्याचे संकेत एक-तीन-एक-एक अशा गटांत येतात, म्हणून थांबे मोजणं तिथे सर्वात महत्त्वाचं.

अवॉर्डवर लांब बीप एकामागून एक येत राहिली तर रॅम. एक लांब आणि दोन छोट्या आल्या तर डिस्प्ले. एक लांब, तीन छोट्या आल्या तरीही बहुधा ग्राफिक्स कार्डच. पीसी चालू असताना मध्येच बारीक, उंच आवाजाच्या बीप्स येऊ लागल्या तर प्रोसेसर तापतोय, त्याचा पंखा आणि प्रोसेसरवर लावलेली पेस्ट बघा.

एएमआयच्या जुन्या यादीत १, २ किंवा ३ छोट्या बीप्स या तिन्ही रॅमकडे बोट दाखवतात, ५ प्रोसेसरकडे, ८ डिस्प्लेच्या मेमरीकडे, ९ बायोसच्या चिपकडे. मात्र डिस्प्ले नीट आला आणि एकच छोटी बीप वाजली तर ती 'सगळं ठीक' अशी असते, तिच्यामागे लागू नका.

खरा घोळ पुढे आहे. एक लांब, दोन छोट्या हा अवॉर्डवर डिस्प्लेचा संकेत, पण आसूसच्या बऱ्याच नंतरच्या बोर्डांवर तोच संकेत 'रॅम सापडत नाही' असा आहे, आणि ग्राफिक्स कार्डासाठी तिथे एक लांब, तीन छोट्या. कुठूनतरी उचललेला तक्ता वाचून चांगलं ग्राफिक्स कार्ड बदलणारे लोक असेच तयार होतात. आपल्या बोर्डाचं मॉडेल बोर्डावरच छापलेलं असतं, त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि तेच खरं माना.

ब्रँडेड पीसींचं निराळंच. डेलच्या अनेक मॉडेलांवर दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही, चार म्हणजे रॅम सापडली पण वाचता-लिहिता येत नाही, आणि पाच म्हणजे बोर्डवरच्या घड्याळाचा सेल गेला. एचपीच्या जुन्या डेस्कटॉपवर पॉवरचा लाल दिवा जितक्या वेळा लुकलुकतो तितक्याच बीप येतात, त्यात पाच म्हणजे रॅम.

उघडण्याआधी

स्विच बंद, प्लग बाहेर, आणि मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज उतरते. नुसता पुढचा स्विच बंद करून भागत नाही, कारण प्लग असेपर्यंत एसएमपीएस बोर्डला ५ व्होल्ट देत राहतो आणि त्या अवस्थेत रॅम ओढली तर पट्टीही जाऊ शकते, स्लॉटही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या. पावसाळ्यात स्थिर विजेची भीती कमी, पण विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर घालून रॅम हाताळू नका.

कॅबिनेट आडवं झोपवा. उभ्या कॅबिनेटमध्ये रॅम दाबून बसवताना बोर्ड मागे लवतो, आणि त्यावर पुढे बोलायचंच आहे.

पहिली चाचणी: सगळ्या रॅम बाहेर

दोन्ही पट्ट्या काढा आणि रॅमशिवाय पीसी सुरू करा. रॅम नसल्याची बीप यायलाच हवी. आली तर बोर्ड आणि प्रोसेसर बऱ्यापैकी सुटले. नाही आली, आणि बझर चांगला आहे याची खात्री असेल, तर रॅमला घासत बसण्यात अर्थ नाही. शोध एसएमपीएस, प्रोसेसर आणि बोर्ड यांच्याकडे वळवा.

मग एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये. कागदावर चौकट आखा: पट्टी अ आणि आ, स्लॉट १ आणि २. चारही जोड्या बघायच्या, आणि प्रत्येक जोडी दोन-तीनदा सुरू करून बघायची, कारण हा बिघाड येतो-जातो प्रकारातला आहे. अ पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये अडते आणि आ दोन्हीकडे चालते, तर पट्टी गेली. दोन्ही पट्ट्या स्लॉट १ मध्ये अडतात आणि २ मध्ये चालतात, तर स्लॉट. काहीही कुठेही कधीकधी अडतं, तर बिघाड या दोघांच्या पलीकडे आहे. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या पीसीत हा तिसरा निकाल नेहमी लक्षात ठेवा, कारण नेमका तोच कोणी तपासत नाही.

या चौकटीआधी रबर मारू नका. मारलं की सगळंच काही दिवस चालू लागतं आणि पुरावा पुसला जातो.

रबराचं काय?

रबराला मी सरसकट विरोध करत नाही, पण ते औषध जपून वापरायचं. पट्टीच्या कडेला जो सोनेरी मुलामा असतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याच्याखाली निकेल, त्याखाली तांबं. सोनं गंजत नाही, पण इतक्या पातळ थराला सूक्ष्म छिद्रं असतात आणि दमट, खारट हवा त्यातून खालच्या धातूपर्यंत पोचते. वर दिसणारी काळपट झाक ही बहुतेक त्या खालच्या धातूची, शिवाय धूळ आणि बोटांचं तेल. दर महिन्याला जोर लावून घासलं की मुलामा आणखी पातळ होतो, छिद्रं वाढतात आणि पुढची बीप लवकर येते. शाई खोडायचा खरखरीत रबर तर अजिबात नको, साधा पांढरा मऊ घ्या, हलक्या हाताने, पट्टीच्या कडेच्या दिशेने, आणि चुरा पूर्ण झटका.

त्याहून चांगलं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांच्या आसपासचं. धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसायचं, वाळू द्यायचं. स्लॉटलाही त्याची गरज असते आणि स्लॉटकडे कोणी बघत नाही. ब्लोअरने आधी धूळ उडवा, मग मऊ ब्रशने अल्कोहोल फिरवा. स्लॉटमध्ये टाचणी, ब्लेड किंवा पॉलिश पेपर घालू नका. आतल्या पात्यांची स्प्रिंग एकदा मेली की ती उठत नाही. तोंडाने फुंकर मारायची सवयही सोडा, तीत धुळीपेक्षा थुंकीच जास्त जाते.

मग परत का येतं?

पीसी तापतो तेव्हा पट्टी आणि स्लॉट दोन्ही किंचित प्रसरण पावतात, थंड झाल्यावर आकसतात. रोजच्या या हालचालीने सांध्यावर घासलेल्या धातूची बारीक भुकटी तयार होते, ती ऑक्सिडाइज होते आणि वीज अडते. रॅम नुसती काढून परत घातली तरी पीसी सुरू होतो तो यामुळेच: घालताना पातं पट्टीवर खरवडतं आणि ताजा धातू उघडा पडतो. दोन दिवस बंद राहिलेल्या पीसीत दमट हवा आपलं काम करते, म्हणून सोमवार.

अशा पीसीला रोज थोडा वेळ तरी चालू ठेवणं हा खरा उपाय आहे. आतली ऊब ओल बसू देत नाही. कॅबिनेट जमिनीवरून उचलून ठेवा, विशेषतः जिथे फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीखालची जागा बदला. प्लॅस्टिकच्या आवरणाने झाकून ठेवू नका, त्यात ओल कोंडते.

आता तो लवणारा बोर्ड. जी४१चे बरेच स्वस्त बोर्ड रुंदीला कमी असतात. त्यांचे स्क्रू डावीकडे आणि मध्यापर्यंत येतात, आणि रॅमचे स्लॉट असलेली उजवी कड खाली काहीच आधार नसताना लोंबकळत राहते. रॅम दाबली की ती कड वाकते. पट्टी एका टोकाला क्लिक होते, दुसऱ्या टोकाला केसभर वर राहते, आणि कॅबिनेट हलवलं किंवा दार जोरात बंद झालं की सांधा सुटतो. बसवताना कडेखाली बोटाचा आधार द्या, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बसल्याचा आवाज ऐका. त्या कडेखाली वीज न वाहणाऱ्या फोमचा छोटा तुकडा सरकवला तर उलटणारी किती दुखणी थांबतात बघा. माझ्या मते याइतका स्वस्त आणि दुर्लक्षित उपाय दुसरा नाही. याच बोर्डांवर प्रोसेसरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) चार प्लॅस्टिकच्या पिनांनी दाबलेला असतो. त्यातली एक जरी अर्धवट बसली तरी बोर्ड वाकडा ताणला जातो, तीही बघून घ्या.

तिसरा संशयित एसएमपीएस. खूण अशी: थंड असताना सुरू होत नाही, चार-पाच वेळा बटण मारल्यावर होतो, आणि एकदा चालला की दिवसभर तक्रार नाही. रॅमचं असं वेळापत्रक नसतं. वीज गाळणाऱ्या जुन्या कॅपॅसिटरचं असतं, कारण आतलं द्रव सुकलं की तो थंडीत वीज नीट गाळू शकत नाही आणि तापल्यावर थोडा सुधारतो. प्रोसेसरजवळचे आणि रॅमजवळचे उभे कॅपॅसिटर बघा: माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी द्रव आलेला नको. १९९९ ते २००७च्या दरम्यानच्या अनेक बोर्डांत खराब कॅपॅसिटर गेले होते, त्यांचा अनुभव आजही दुरुस्तीवाल्यांकडे येतो. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ हवेत, तेही पीसी चालू असताना. नसेल तर ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस एक दिवस आणून लावा, निकाल मिळतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतला मोठा कॅपॅसिटर जिवावर उठू शकतो.

बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, ताजा असताना ३ व्होल्टच्या थोडा वर असतो. २.७ च्या खाली उतरला की बदला. तो गेला तर बहुधा तारीख मागे जाते आणि एफ१ दाबा म्हणतो, बीप देत नाही; पण त्याच्यामुळे बायोसच्या सेटिंग्ज विचित्र झाल्या तर रॅम चुकीच्या वेगाने चालवायचा प्रयत्न होऊ शकतो. सेल बदलताना सेटिंग्ज पुसणारा जंपरही (बोर्डवरच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी) फिरवून घ्या.

एच६१ आणि त्यानंतरच्या पीसीत एक फरक लक्षात ठेवा. जी४१मध्ये रॅम सांभाळणारा भाग बोर्डवरच्या चिपमध्ये होता, कोअर आय मालिकेत तो प्रोसेसरच्या आत गेला. त्यामुळे तिथे एक स्लॉट कायमचा मेल्यासारखा वाटला तर प्रोसेसर उचलून सॉकेटमधल्या बारीक पिना भिंगाखाली बघाव्या लागतात. एखादी वाकलेली पिन त्या स्लॉटची वाट बंद करते. पिना स्वतः सरळ करायला जाऊ नका, हात स्थिर असणारा माणूस शोधा.

नवी रॅम घातली आणि बीप सुरू झाली

ही जी४१वाल्यांची खास तक्रार. जुन्या २ जीबीच्या जागी स्वस्तात मिळाली म्हणून ४ जीबी डीडीआर३ची पट्टी आणली, दुकानात चालली, घरी बीप. पट्टी बिचारी निर्दोष असते. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच, म्हणजे पाव जीबीपर्यंतच्याच, चिपा ओळखतो. म्हणजे ४ जीबीच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपा हव्यात. आठच चिपा असलेली नवी पट्टी त्याला समजत नाही. दुकानदाराला 'सोळा चिपची द्या' म्हणा. आणि काही जी४१ बोर्डांवर डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही स्लॉट असतात, ते एकत्र वापरायचे नसतात. दोघांच्या पिना २४०च, पण खाच वेगळ्या जागी आहे. बसत नसेल तर जोर लावू नका.

ग्राफिक्स कार्डाची बीप आली तर कार्ड काढा, मॉनिटर बोर्डच्या पोर्टला लावा. चालला तर कार्ड किंवा त्याला जाणारी सहा पिनांची वीज. विषय तिथे संपतो.

कुठे थांबायचं

पीसी चालू झाला की लगेच मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर लावा. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी हिशेबाच्या पीसीत ठेवू नका. बीप निदान ओरडून सांगते. अर्धवट बिघडलेली रॅम टॅलीच्या फाइलमध्ये गुपचूप चुकीचं लिहिते. आणि तपास सुरू करण्याआधीच, ज्या सकाळी पीसी चालला त्याच सकाळी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या.

स्लॉट मेला असेल तर त्यात कापडी टेपचा तुकडा चिकटवा, म्हणजे पुढच्या माणसाला तो रिकामा दिसून मोह होणार नाही. एका स्लॉटवर ४ जीबीने ऑफिसचं काम भागतं. दोन्ही स्लॉट गेले, किंवा कॅपॅसिटर रांगेने फुगलेत, तर जी४१च्या दुरुस्तीत पैसे घालू नका. त्याच बजेटात ऑफिसातून निघालेला, कोअर आय मालिकेतल्या चौथ्या पिढीचा वापरलेला ब्रँडेड डेस्कटॉप मिळतो का ते बघा. मात्र घेण्याआधी त्याच्या मागे तुमच्या प्रिंटरचा पोर्ट आहे का ते तपासा. नसेल तर त्या जाड केबलसाठी पॅरलल पोर्टचं कार्ड मिळतं, पण बारीक उंचीच्या कॅबिनेटमध्ये मागची पत्र्याची पट्टी अर्ध्या उंचीची असलेलंच कार्ड बसतं.